कमळाच्या टाकीतले किडे डासांना पुरे पडतात का?

कर्वेनगरी
१३ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. त्याआधी मला थोडा दारूगोळा हवाय.

आमच्या बागेत सिमेंटची एक उथळ टाकी आहे. बिल्डरने कारंज्यासाठी बांधलेली. कारंजं उडालं ते फक्त माहितीपत्रकात. आता तिच्यात कमळं आहेत, शेवाळ आहे, तळाला वीतभर गाळ आहे. २०२४ मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघाले तेव्हापासून साचलेलं पाणी दिसलं की आमच्याकडे लोकांचा जीव वरखाली होतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कमिटीपुढे तीन सूचना आहेत. टाकी मातीने भरून टाका. नाहीतर दर महिन्याला जळकं तेल ओता. नाहीतर गप्पी मासे सोडा.

म्हटलं, आधी पाण्यात बघू तरी. वरणाचं जुनं ओगराळं घेतलं, कडेकडेने पाणी काढलं आणि पांढऱ्या ताटलीत ओतलं. डासाची अळी एकही नाही. त्याऐवजी तिघं भेटले. एक बारका, पोट वर आणि पाठ खाली करून उलटा पोहणारा. एक तपकिरी, चपटा, लंबगोल, पाठीवर दाटीने पांढुरके मणी बसवलेला. आणि तिसरा गाळातून निघालेला, सहा पायांचा, अतिशय कळकट. गंमत अशी की टाकीपासून चार पावलांवर माळ्याची बादली आहे, तिच्यात अळ्या नुसत्या वळवळतायत.

हे किडे अळ्या खातात म्हणून टाकी स्वच्छ आहे, असं मी मीटिंगमध्ये म्हणू शकतो का? की तोंडघशी पडेन?

----

आडातला_पेठकर
१३ जुलै, रात्री १०:०५

आधी बादली उपडी करा, मग चर्चा.

बाकी आमच्या वाड्यातल्या आडात कासव होतं, मासे होते आणि आणखी काय काय होतं ते बघायची आमची हिंमत नव्हती. तरी डास होतेच. त्यामुळे 'पूर्वी निसर्ग सगळं सांभाळायचा' या चालीवरचं भाषण मीटिंगमध्ये करू नका. आजीच्या पलंगाला मच्छरदाणीचे दांडे उगाच नव्हते.

----

डबकेमास्तर
१३ जुलै, रात्री ११:२०

कर्वेनगरी, तुमच्या टाकीत चांगली नांदती वस्ती आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

उलटा पोहणारा तो ॲनिसॉप्स किंवा त्याचा भाऊबंद. हा ढेकणांच्या गणातला किडा. मागचे लांब पाय मारत पाण्याच्या वरच्या थरात हिंडतो. त्याच्या पोटातल्या काही पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्यात साठवलेला प्राणवायू लागेल तसा सोडून तो अंगाखालचा हवेचा बुडबुडा एका मापात ठेवतो, म्हणून त्याला ना बुडायला होतं ना वर यायला होतं. मधल्या पाण्यात निवांत टांगून राहता येतं. डासाच्या अळीला मात्र श्वासासाठी पुन्हा पुन्हा पृष्ठभागाशी यावंच लागतं. म्हणजे हा शिकारी नेमका तिच्या वाटेवर बसलेला असतो.

पाठीवर मणी असलेला तो डिप्लोनिकस. ते मणी म्हणजे अंडी, आणि ती वाहून नेणारा बाप आहे. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवून निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत हा ती घेऊन फिरतो, पृष्ठभागाशी आणून त्यांना हवा देतो. पुढच्या दोन पायांत अळी धरायची, सोंड खुपसायची, लाळ आत सोडायची आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं, अशी त्याची जेवणाची पद्धत. गोगलगायी, बेडकाची पिल्लं, काही वर्ज्य नाही. त्याला आणि ॲनिसॉप्सला हातात घेऊ नका, दोघंही चावतात. चावा विषारी वगैरे नाही, पण चांगलाच झोंबतो.

कळकट दिसणारं ते चतुराचं पिल्लू. होय, बागेत उडतो तोच चतुर. त्याचं लहानपण सगळं पाण्यात जातं. त्याचा खालचा ओठ डोक्याखाली दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो ओठ सटकन पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत अळी अडकते. डोळ्याला हालचाल दिसतसुद्धा नाही, अळी होती आणि आता नाही एवढंच कळतं. श्वास गुदद्वारातल्या कल्ल्यांनी घेतो आणि घाई असेल तर तेच पाणी जोरात मागे फेकून पुढे झेपावतो. शेपटीला तीन पानं असलेलं बारीक पिल्लू दिसलं तर ती टाचणी, चतुराची नाजूक नातलग. तीही अळ्या खाते.

आणखी शोधलंत तर पाणविंचू सापडेल. त्याची शेपटी नांगी नाही, श्वासाची नळी आहे. पाणभुंग्याची अळीही असेल. तिचे कोयत्यासारखे जबडे आतून पोकळ असतात.

यांना कुणी आणून सोडलेलं नाही. बहुतेक सगळे उडत आले. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट प्रकारे ध्रुवीकृत होतो, तो या किड्यांना दिसतो आणि त्यावरून ते पाणी हुडकतात. कधी फसतातही. उन्हात उभ्या असलेल्या चकचकीत गाडीच्या बॉनेटवर चतुराची मादी शेपूट आपटताना पाहिली असेल. ती तिथे अंडी घालायला बघत असते.

आता मुद्द्याचं. क्युलेक्स जातीच्या डासाच्या अळ्या बराच वेळ वर लटकून राहतात, एडिस जातीच्या अळ्या तळाशी आणि भिंतींवर खरवडत फिरतात. तुमच्या टाकीत वरच्या थराला ॲनिसॉप्स, तळाला चतुराची पिल्लं. अळीला लपायला जागा राहत नाही. शिवाय मादी डास आंधळेपणाने अंडी घालत नाही. इस्राएलमधल्या अभ्यासात असं दिसलं की काही जातींच्या डासमाद्या उलट्या पोहणाऱ्या किड्यांनी पाण्यात सोडलेल्या रसायनांच्या वासावरून ते पाणी टाळतात. म्हणून तुमच्या ताटलीत अळी न दिसण्याचं कारण थोडं 'खाल्ल्या' आणि थोडं 'घातल्याच नाहीत' असं असू शकतं.

म्हणा बिनधास्त मीटिंगमध्ये. पण या टाकीपुरतंच म्हणा.

----

हिशेबी_माणूस
१४ जुलै, सकाळी ७:१५

वाचायला छान आहे. पण हिशेब लागत नाही. पावसाळ्याच्या शेवटी पुण्यात चतुर काय कमी असतात? टेकडीवर जा, मैदानावर जा, थव्याने उडत असतात. आणि डेंगू वाढतो तोही त्याच महिन्यांत. एवढे भक्षक असून ही परिस्थिती, तर त्यांचा उपयोग काय?

----

डबकेमास्तर
१४ जुलै, सकाळी ८:५०

उपयोग काय हे कुठलं पाणी यावर ठरतं.

डेंगू, झिका, चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती तळ्यात वाढत नाही. त्याला फ्रिजमागचा ट्रे लागतो, कुंडीखालची बशी, मनीप्लँटची बाटली, कूलर, गच्चीवरचं टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, बांधकामावरचा पाण्याचा ड्रम, लिफ्टचा खड्डा. मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला एकेक चिकटवते. भांडं वाळलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात, आणि पाणी चढलं की फुटतात. पुण्यातल्या पावसाळी हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस.

चतुराच्या पिल्लाला इतक्या वेळात धड बाळसंही येत नाही. तुम्ही म्हणता ते थवे बहुतेक पँटाला फ्लेव्हसेन्सचे, म्हणजे भटक्या चतुराचे. तात्पुरत्या डबक्यात वाढणाऱ्या चतुरांत तो सगळ्यात घाईचा, तरी त्याला सव्वा ते दोन महिने लागतात. फ्रिजच्या ट्रेमध्ये दोन महिने कोण थांबणार? आणि उडणारा चतुर शिकार करतो ती उघड्यावर, उन्हात. एडिस बसलेला असतो तुमच्या जेवणाच्या टेबलाखाली. दोघांची गाठ पडायचा योग फार थोडा. पावसाळा सरला की हे भटके समुद्रावरून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. एवढा प्रवास करणाऱ्याला तुमच्या दिवाणखान्यात रस नसतो.

म्हणून आठवड्याला एकदा भांडी उपडी करून आतून घासणं याला घरात पर्याय नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भिंती घासायच्या, कारण अंडी तिथे असतात.

----

गच्चीवरची_अनू
१४ जुलै, दुपारी १:३०

मास्तर, लिहीत राहा. माझ्या गच्चीत अर्ध्या कापलेल्या पिंपात कुमुदिनी आहेत, म्हणून माझाही अनुभव जोडते.

सुरुवातीला एका पिंपात गप्पी सोडले, दुसऱ्यात नाही. डास दोन्हीकडे नाहीत. पण चतुराच्या काती फक्त बिनमाशांच्या पिंपात सापडतात. पिंपात एक-दोन काड्या तिरक्या उभ्या करून ठेवाव्या. पिल्लू रात्री काडीवर चढतं, पाठ फाटते, चतुर बाहेर येतो आणि कात तिथेच राहते. काडी नसेल तर गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही. लहान मुलं असतील तर त्यांना सकाळी काती शोधायला लावा, फोन सुटतो हातातून.

एक मात्र आहे. नवीन पिंप भरलं की पहिले काही आठवडे त्यात फक्त डासच येतात. किडे नंतर. तेवढा काळ लक्ष ठेवावं लागतं, मी गाळणीने अळ्या काढून टाकते.

----

निवृत्त_हिवतापवाला
१४ जुलै, दुपारी ४:१०

हिवताप खात्यात नोकरी झाली, घरोघर फिरून भांडी तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं. अनूताईंनी शेवटी लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. पहिले डास येतात, नंतर किडे.

हेच औषधाच्या बाबतीत होतं. समजा कर्वेनगरींच्या टाकीत तेल ओतलं. तेलाचा थर अळीची श्वासनळी बंद करतो, हे खरं. पण ॲनिसॉप्स, पाणभुंगा, पाणविंचू, डिप्लोनिकस हे सगळेही वर येऊनच हवा घेतात. तेही मेले. पाऊस पडला, तेल वाहून गेलं. मग काय होतं? दोन दिवसांत क्युलेक्सची मादी येऊन अंड्यांचा तराफा सोडून जाते, एका तराफ्यात शंभराच्या वर अंडी. आठवड्याभरात टाकी अळ्यांनी भरते. आणि खाणारे? ते यायला काही आठवडे, चतुराची पिल्लं मोठी व्हायला महिने. तोवर परत तेलाची तारीख येते. म्हणजे तेल ओतून तुम्ही टाकी कायमची डासांच्या नावावर करून देता.

टेमिफॉस या अळ्या मारायच्या औषधाचंही थोडं तसंच. आम्ही त्याला ॲबेट म्हणायचो, घरोघर ॲबेटिंग करायचो. वापरायच्या पाण्याच्या पिंपात, हौदात त्याचं काम चोख आहे, कारण तिथे मरण्यासारखं दुसरं काही नसतं. कमळाच्या टाकीत टाकलं तर बाकीचे किडेही जातात. धूर फवारणीबद्दल तर बोलायलाच नको. ती उडत्या डासांसाठी, साथ आली असता घराच्या आसपास करायची गोष्ट आहे. अळीला तिने काही होत नाही, पण त्या धुरातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक पाण्यावर बसलं तर मासे आणि पाणकिडे दोघांनाही बाधतं. गणपतीत मंडप धुराने भरला की लोकांना वाटतं काम झालं.

कमिटीला औषधच हवं असेल तर बीटीआय सांगा. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात सापडलेला जिवाणू आहे. अळीने खाल्ला तर तिच्या आतड्यात त्याचं विष काम करतं. चतुर, ढेकणांच्या गणातले किडे, मासे, माणूस यांना त्याचा त्रास नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी परत टाकावा लागतो, एवढीच कटकट.

----

खडकीचा_जॉन
१४ जुलै, सायंकाळी ६:००

मग चतुराची पिल्लं पकडून सोसायटीच्या सगळ्या पिंपांत सोडली तर? कुठे तरी वाचलं होतं की ब्रह्मदेशात केलं होतं.

----

डबकेमास्तर
१४ जुलै, रात्री ९:३०

केलं होतं. यांगूनमध्ये लोकांच्या घरी पाणी साठवायच्या भांड्यांत क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या लाल चतुराची पिल्लं सोडली होती. निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले. एडिसच्या अळ्या काही आठवड्यांत जवळजवळ संपल्या आणि पिल्लं टाकत राहिले तोवर तशाच राहिल्या. हा लाल चतुर आपल्याकडेही सगळीकडे आहे. पाषाण तळ्याच्या काठच्या गवतावर नर बसलेला असतो, लालभडक.

पण त्यामागचं काम बघा. माद्यांकडून अंडी घेऊन पिल्लं वाढवली, ठराविक दिवसांनी घरोघर नेऊन सोडली, लोकांनी ती ओतून न देता सांभाळली. तिथे मोठी भांडी सतत भरलेली असायची, म्हणून जमलं. आपल्या फ्लॅटमध्ये बशी, ट्रे आणि बाटली. तिथे पिल्लू सोडण्यापेक्षा बशी ओतणं सोपं. शिवाय ही पिल्लं एकमेकांनाही खातात. एका बादलीत दहा सोडलीत तर काही दिवसांनी दोन-तीन जाडजूड उरतील.

तळ्यातून, खाणीतून पिल्लं उपसून आणू नका. तिथलं तिथे राहू द्या. पाणी ठेवा, काडी ठेवा, औषध टाळा, ते येतात.

----

हिशेबी_माणूस
१४ जुलै, रात्री ९:५५

हे पटलं. गप्पी माशांचं काय? तो सरकारमान्य उपाय आहे. अनू यांच्या पिंपात दोन्ही चाललं, मग मासे का नकोत?

----

निवृत्त_हिवतापवाला
१५ जुलै, सकाळी ६:४०

बंदिस्त हौद, न वापरलेली विहीर, बांधकामावरची टाकी, अशा जागी गप्पी टाका. मी स्वतः हजारो सोडलेत. जिथे चतुर पोचणार नाही, प्रकाश कमी, पाणी थोडं घाण, तिथे गप्पी तगतो, किडे नाही.

तळी, नदी, टेकडीवरच्या खाणी, तिथे मात्र नको. गप्पी दक्षिण अमेरिकेतला, आपला नाही. त्याचा चुलता गंबुशिया १९२८ मध्ये डास मारायलाच भारतात आणला. आज जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या जातींच्या यादीत तो आहे. डासांच्या अळ्या खातो तसाच देशी माशांची अंडी-पिल्लं, बेडकांची पिल्लं, बारके किडे खातो. एकदा सोडला की परत काढता येत नाही. कात्रज तळ्यावर पिशवीतून मासे सोडणारे पुण्यवान लोक मी पाहिलेत. त्यांना हे कुणीतरी सांगा.

कर्वेनगरींच्या टाकीला आत्ता मासे लागतच नाहीत. जे काम फुकट चाललंय त्याला नवा नोकर कशाला?

----

मुंढवा_पूल
१५ जुलै, सकाळी १०:२०

तुमचं सगळं कमळं आणि चतुर. आम्ही नदीकाठी राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या नदीवर उठलेल्या डासांच्या वावटळीचा व्हिडिओ देशभर फिरला, तो आमच्या खिडकीबाहेरचा. जलपर्णी काढा म्हणून अर्ज करून थकलो. इथे कुठले भक्षक किडे येणार सांगा.

----

डबकेमास्तर
१५ जुलै, दुपारी १२:४५

इथे किड्यांच्या भरवशावर राहू नका, असंच सांगेन. मैलापाण्यात प्राणवायू उरत नाही. कल्ल्यांनी श्वास घेणारी चतुराची आणि टाचणीची पिल्लं तिथे गुदमरतात. क्युलेक्सच्या अळीला फिकीर नाही, ती शेपटाकडची नळी वर काढून थेट हवा घेते. आणि खायला सडका कचरा भरपूर. जलपर्णीने वरून झाकलं की पाणी थिजतं, लाटा नाहीत, ऊन नाही, अळ्यांना आसरा. मॅन्सोनिया जातीचे डास तर त्याहून पुढचे: त्यांच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांना नळी टोचून तिथूनच हवा घेतात, वर येतच नाहीत. तेलाचाही त्यांना उपयोग नाही.

नदीत सांडपाणी शुद्ध करून सोडणं, पाणी वाहतं ठेवणं, जलपर्णी उन्हाळ्याआधी काढणं, याशिवाय तिथे इलाज नाही. घरापुरतं करण्यासारखं म्हणजे सेप्टिक टाकीच्या आणि ड्रेनेजच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. क्युलेक्सचा मोठा कारखाना तिथेच असतो आणि कुणी वर बघत नाही.

----

सोसायटी_नंबर_सात
१५ जुलै, दुपारी २:१०

मध्येच विचारते. आमच्या जमिनीखालच्या टाकीत तळाशी लाल लाल किडे निघाले. सेक्रेटरी म्हणाले डेंगूच्या अळ्या. खरं का?

----

निवृत्त_हिवतापवाला
१५ जुलै, दुपारी २:३०

नाही ताई. लाल म्हणजे कायरोनोमिड. हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात, मोठे झाले की डासासारखेच दिसतात पण चावत नाहीत. डेंगूच्या डासाची अळी लाल नसते, आणि ती टाकीच्या तळाशी नळी करून बसत नाही, वळवळत वर येते. टाकी धुऊन घ्या, झाकणाची फट बुजवा, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावा. जाळी महत्त्वाची, शहरी मलेरियाचा ॲनॉफिलिस स्टिफेन्साय अशाच स्वच्छ टाक्यांत वाढतो. त्याची अळी पाण्याला समांतर आडवी पडते, बाकीच्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. टॉर्च मारून बघा, लगेच कळेल.

----

आडातला_पेठकर
१५ जुलै, रात्री ९:००

व्हिएतनाममध्ये म्हणे पाण्याच्या टाक्यांत सायक्लॉप्ससारखे बारीक जीव सोडून डेंगूचा डास गावंच्या गावं हटवला. ते का नको आपल्याकडे? किड्यांपेक्षा लहान, पोसायला सोपे.

----

निवृत्त_हिवतापवाला
१५ जुलै, रात्री ९:४५

खरं आहे, मेसोसायक्लॉप्स. अळी अगदी नवजात असताना ते तिला फाडतात. व्हिएतनाममध्ये गावकऱ्यांनीच ते एका टाकीतून दुसरीत नेले. पण आमच्या पिढीला सायक्लॉप्स म्हटलं की दुसरंच आठवतं: नारू. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरायचे, पायातून जंत पाण्यात पिल्लं सोडायचा, ती सायक्लॉप्स गिळायचा आणि ते पाणी गाळल्याशिवाय प्यायलं की वर्षाने पायातून हातभर जंत बाहेर. महाराष्ट्रातल्या गावांत हे होतं. फडक्याने पाणी गाळून प्या म्हणून गावोगाव सांगत हिंडलो, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले. भारत नारूमुक्त २००० साली जाहीर झाला. आता नारू नाही, म्हणून सायक्लॉप्सपासून तो धोकाही नाही. पण पिण्याच्या पाण्यात जाणूनबुजून तो सोडा असं मी कुणाला सांगू शकणार नाही. माझा हातच उचलणार नाही.

----

गच्चीवरची_अनू
१६ जुलै, सकाळी ८:००

काल ताम्हिणीच्या बाजूला बांबूच्या खुंटात एक जाडजूड, तांबूस, मोठ्या डोक्याची अळी पाहिली. बाकीच्या डासांच्या अळ्यांना धरून खात होती. ही पण डासच का?

----

डबकेमास्तर
१६ जुलै, सकाळी ९:१०

वर्णनावरून टॉक्सोऱ्हिंकायटिस. डासच, पण आपल्या बाजूचा. अळी दुसऱ्या डासांच्या अळ्यांवर वाढते आणि मोठा झाल्यावर नर काय, मादी काय, फक्त फुलांचा रस पिते. रक्त अजिबात नाही. आकाराने एवढा मोठा, निळसर चमकणारा, सोंड खाली वाकलेली. घरात शिरला तर लोक सगळ्यात आधी त्यालाच चपलेने मारतात. झाडांच्या ढोली, बांबूचे खुंट, टायर इथे वाढतो. अनेक देशांत तो पाळून सोडायचे प्रयोग झाले. अडचण हीच की तो भांडं निवडतो स्वतःच्या मर्जीने, आणि एका भांड्यात दोन अळ्या असल्या की एकच उरते.

----

कर्वेनगरी
२० जुलै, रात्री १०:१५

मीटिंग झाली. दीड तास चालली, त्यातला पाऊण तास पार्किंगवर गेला.

टाकी भरायची सूचना मागे घेतली. तेल बंद. मी ओगराळं आणि पांढरी ताटली घेऊनच गेलो होतो. सगळ्यांना खाली नेऊन टाकीतलं आणि बादलीतलं पाणी शेजारी शेजारी दाखवलं. त्यानंतर फारसा वाद झाला नाही. एक काका गप्पीवर अडून बसले, त्यांना लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी दाखवलं, तर तिथे मासे नको, पाणीच उपसा असं तेच म्हणाले. ठरलं असं: दर शनिवारी प्रत्येक मजल्यावरचं एकेक घर आपल्या मजल्यावरच्या बशा, ट्रे, बाटल्या तपासणार. लिफ्टचा खड्डा पंपाने कोरडा ठेवायचा, पाऊस जोरात असेल तेव्हा तिथे बीटीआय. टाकीत ओगराळं फिरवायचं, अळ्या दिसल्या तरच टाकीत बीटीआय, नाहीतर काही नाही. महापालिकेचे लोक तपासणीला आले तर त्यांनाही ताटली दाखवायची, कारण नोटीस साचलेल्या पाण्याला नाही, त्यातल्या अळ्यांना मिळते.

आता एक शंका राहिली. माळी म्हणतो दिवाळीनंतर टाकी रिकामी करून घासावी लागेल, गाळ फार झालाय, कमळांना फुलं कमी येतात. घासली तर सगळेच किडे जाणार ना?

----

डबकेमास्तर
२० जुलै, रात्री १०:५०

एका दमात रिकामी करू नका. या वर्षी अर्ध्या टाकीतलाच गाळ काढा, उरलेल्या अर्ध्याला पुढच्या वर्षी हात लावा. काढलेला गाळ आणि मुळं टाकीच्या काठालाच, उताराने पाणी परत टाकीत जाईल अशी, रात्रभर ठेवा. पिल्लं आणि भुंगे सरपटत परत पाण्यात उतरतात. दुसऱ्या दिवशी तो गाळ झाडांना घाला, खत म्हणून उत्तम. पाणी बदलायचं तर तेही अर्धंच, आणि नळाचं पाणी एक दिवस बादल्यांत ठेवून मग ओता, क्लोरीन उडून जातं. बादल्या मात्र दुसऱ्याच दिवशी रिकाम्या करा हं, पेठकरांचं लक्ष आहे.

----

आडातला_पेठकर
२० जुलै, रात्री ११:०२

आहेच. माळ्याच्या बादलीचं काय झालं ते अजून कुणी सांगितलं नाही.

----

कर्वेनगरी
२० जुलै, रात्री ११:०५

उपडी केली काका. घासून.